यंत्राने माणसाची जागा घेतली, तर कर कोणी भरायचा?

१९५३ साली आपल्या संसदेने एक कायदा केला. गिरणीत विणलेल्या कापडावर वारामागे (यार्डामागे) ३ पै, म्हणजे त्या वेळचा एक पैसा, जादा उत्पादन शुल्क लावायचे आणि त्यातून खादी आणि हातमागाला मदत करायची, असा तो कायदा होता. गिरणीतल्या मागावरून दिवसाला जेवढे कापड उतरे, त्याच्या पासंगालाही घरातला हातमाग पुरत नसे. तेव्हा यंत्राच्या कापडावर थोडा भार टाकावा आणि तो पैसा हाताने विणणाऱ्याकडे वळवावा, असा त्यामागचा विचार. 'रोबोट कर' हे शब्द आज ऐकले की काहीतरी परदेशी, उद्याचे वाटते. पण परळ-लालबागच्या गिरण्यांनी त्याच जातीचा कर सत्तर वर्षांपूर्वी भरलेला आहे, आणि त्याचे पुढे काय झाले तेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याकडे येऊच. आधी हा कर मागणारे लोक नेमके काय म्हणतात ते पाहू.

त्यांचे म्हणणे असे. कारखान्यातला किंवा कचेरीतला माणूस पगार घेतो तेव्हा त्या पगारावर सरकारला काही मिळते, त्याच्या पीएफमध्ये आणि विम्यात पैसे जातात, तो बाजारात खर्च करतो तेव्हा जीएसटी जातो. माणूस काढून तिथे यंत्र बसवले की काम तेवढेच होते, कदाचित जास्तच होते, पण ही सगळी साखळी तुटते. फेब्रुवारी २०१७ मध्ये बिल गेट्स यांनी एका मुलाखतीत हेच मांडले: ५० हजार डॉलरचे काम करणाऱ्या कामगाराच्या कमाईवर आपण कर घेतो, मग तेच काम करणाऱ्या रोबोटवर साधारण तेवढाच का घेऊ नये? त्याच महिन्यात युरोपीय संसदेने रोबोटविषयीचा एक ठराव मंजूर केला, पण त्यातली अशा कराची कल्पना मात्र बाजूला काढली. तेव्हापासून हा वाद थंड झालेला नाही, आणि एआय आल्यावर तर तो कारखान्यातून बँकेच्या बॅक ऑफिसपर्यंत पोहोचला आहे.

रोबोट स्वतः कर भरत नाही, हे उघड आहे. भरणार कंपनीच. तो कर यंत्राच्या किमतीवर लावता येईल, वाचलेल्या पगारावर लावता येईल, वाढलेल्या नफ्यावर लावता येईल, किंवा यंत्र घेताना सरकार आज जी सवलत देते ती कमी करता येईल. ऐकायला ही चार नावे एकाच गोष्टीची वाटतात; प्रत्यक्षात त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत. माझा कल शेवटच्या प्रकाराकडे आहे. का, ते समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

समजा, साकीनाक्याला एक पॅकिंगचे युनिट आहे. तिथे चार कामगार आहेत, प्रत्येकाला महिना १८,००० रुपये पगार, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. मालकाला या पगाराशिवाय प्रत्येकामागे पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरावे लागतात. ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद धरली तर महिन्याला साधारण ७२० रुपये. एका माणसामागे ३,१०० रुपयांच्या आसपास, चौघांमागे वर्षाला जवळजवळ दीड लाख. कामगाराच्या हातात येणाऱ्या पगारातूनही त्याचा पीएफ, ईएसआयसीचा पाऊण टक्का आणि महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो.

आता तेच काम करणारे २० लाखांचे यंत्र आले. त्याला पीएफ नाही, ईएसआयसी नाही, व्यवसाय कर नाही. उलट कारखानदाराला आयकरात घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो. सर्वसाधारण यंत्रावर वर्षाला १५ टक्के, आणि उत्पादन करणाऱ्या उद्योगाने नवे यंत्र घेतले तर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के. म्हणजे २० लाखांच्या यंत्रावर पहिल्याच वर्षी ७ लाखांची वजावट. हे यंत्र दहा वर्षे चालणार असेल तर त्याची खरी झीज वर्षाला २ लाखांची. कागदावर मात्र ते पहिल्या वर्षी ७ लाखांनी झिजलेले दिसते. संगणक आणि सॉफ्टवेअरवर तर घसारा ४० टक्के आहे.

इथे एक खुलासा प्रामाणिकपणे करायला हवा, कारण या विषयावरच्या बऱ्याच लिखाणात तो गाळला जातो. पगार हासुद्धा खर्चच असतो आणि तो त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. म्हणून 'यंत्राला वजावट आणि माणसाला नाही' असे म्हणणे चूक आहे. आणि पीएफ हा कर नव्हे. तो कामगाराचा स्वतःचा, उद्यासाठी बाजूला ठेवलेला पगार आहे. तरीही मालक जेव्हा दोन कागद शेजारी ठेवतो, तेव्हा माणसाच्या कागदावर पगाराच्या वरचे सतरा टक्के दिसतात आणि यंत्राच्या कागदावर झिजेच्या आधीच मिळालेली सवलत दिसते. कायद्याने तराजूच्या एका पारड्यावर बोट ठेवले आहे. मुद्दाम कामगार कमी करण्यासाठी ठेवले असे मी म्हणत नाही, गुंतवणूक वाढावी म्हणून ठेवले. परिणाम मात्र दोन्हीकडे होतो.

अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हाच हिशेब देशपातळीवर मांडला. श्रमावरचा प्रभावी कर २५ टक्क्यांच्या पुढे, तर यंत्रे आणि सॉफ्टवेअरवरचा ५ टक्क्यांच्या आसपास, असे त्यांना दिसले. त्यांच्या मते काही यंत्रे उत्पादकतेत फारशी भर न घालता केवळ या फरकामुळे बसवली जातात. आपल्याकडे चित्र निराळे आहे, कारण आपल्या कामगारांपैकी बहुसंख्यांचा पीएफच कापला जात नाही आणि आयकर भरण्याइतका त्यांचा पगारही नसतो. म्हणून 'यंत्रामुळे सरकारचा आयकर बुडतो' हा पाश्चात्त्य युक्तिवाद आपण जसाच्या तसा उचलू नये. इथे आधी रिकामा होतो तो ईएसआयसीचा आणि पीएफचा साठा. कारखाना सुटला की काही काळाने कामगाराच्या घरच्यांचे अंधेरी-मुलुंडच्या कामगार रुग्णालयातले उपचारही सुटतात, आणि हे नुकसान कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

मग थेट रोबोट करच का लावू नये? कारण कशाला रोबोट म्हणायचे, इथेच घोडे अडते. २०१७ मध्ये अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी गेट्स यांना हाच प्रश्न विचारला होता: विमानतळावर बोर्डिंग पास देणारे यंत्र, मजकूर टाइप करणारे सॉफ्टवेअर, मोबाइल बँकिंग, या सगळ्यांनी माणसांची कामे घेतली, मग एकट्या रोबोटवरच दात का? मुंबईकराला हे समजायला लोकलचे स्थानक पुरे. तिकीट खिडकीऐवजी एटीव्हीएम, म्हणजे तिकीट देणारे यंत्र, आले, नंतर तिकीट मोबाइलवर आले. आणि त्या एटीव्हीएमशेजारी पुन्हा माणूस उभा राहिला, कमिशनवर तिकिटे काढून देणारा, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारीही असतात. माणसांची डोकी मोजली तर फार काही बदलले नाही असे वाटेल. बदलला तो कामाचा प्रकार: खिडकीच्या आतला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन जाऊन बाहेर कमिशन आले. रोबोट मोजणाऱ्या करनिरीक्षकाला हा बदल पकडताच येणार नाही.

कारण सिद्ध करणे त्याहून कठीण. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएस या आयटी कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. सगळीकडे चर्चा एआयची झाली. कंपनीच्या प्रमुखांनी मात्र कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे सांगितले. यातले खरे काय, यावर मला इथे काही म्हणायचे नाही. पण 'यंत्रामुळे काढलेल्या माणसामागे कर' असा कायदा केला, तर उद्यापासून कोणतीही कंपनी माणसे यंत्रामुळे काढली असे लिहूनच देणार नाही. मंदी, पुनर्रचना, कौशल्य, कारणांना तोटा नाही.

म्हणून कारण विचारूच नये, डोकी मोजावीत. ते शक्य नाही असे अनेक सीए सांगतील, पण आयकर कायदा हे काम आधीपासून करतो आहे! नवे कामगार घेणाऱ्या कंपनीला त्यांच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षे मिळते. त्यासाठी कामगाराचा पगार महिना २५,००० च्या आत हवा, तो पीएफमध्ये हवा, ठरावीक दिवस कामावर असायला हवा, आणि मुख्य म्हणजे आदल्या वर्षअखेरीपेक्षा कंपनीतली एकूण कर्मचारीसंख्या वाढलेली हवी. संख्या वाढली की सवलत, इतके मोजमाप ज्या खात्याला जमते त्याला संख्या घटल्याचे मोजणे जमणार नाही, हे मला पटत नाही.

दक्षिण कोरियाने २०१७ मध्ये काहीशी अशीच वाट धरली. वर्तमानपत्रांनी त्याला 'जगातला पहिला रोबोट कर' म्हटले, पण तो नवा कर नव्हताच. स्वयंचलित यंत्रांत गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांना तिथे गुंतवणुकीच्या ३ ते ७ टक्के रक्कम करातून वजा करता येत असे. ती टक्केवारी कमाल २ अंकांनी खाली आणली. कुणाच्या कारखान्यात जाऊन रोबोट मोजावे लागले नाहीत. सरकारने फक्त आपले बोट पारड्यावरून थोडे उचलले.

आपल्याकडे हेच असे करता येईल. ज्या वर्षी कंपनीची पीएफमधली कर्मचारीसंख्या ठरावीक प्रमाणाहून जास्त घटली, त्या वर्षी तिला जादा २० टक्के घसारा एकदम न देता यंत्राच्या आयुष्यभर वाटून द्यायचा. यंत्र घ्यायला बंदी नाही, दंड नाही, फक्त सरकारी तिजोरीतून मिळणारी घाई थांबेल. यातली उणीवही सांगतो. २०१९ पासून ज्या कंपन्यांनी सवलती सोडून २२ टक्क्यांचा सवलतीचा कंपनी कर स्वीकारला आहे त्यांना हा जादा घसारा मिळतच नाही, त्यामुळे त्यांच्याकडून काढून घेण्यासारखे तिथे काही नाही. संगणक-सॉफ्टवेअरचा ४० टक्के घसारा मात्र त्यांनाही मिळतो, आणि कचेरीतली कामे जाणार आहेत ती याच बाजूने. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आता त्या १९५३ च्या कराकडे. हातमाग वाचवायचा म्हणून गिरणीवर भार टाकला, पण मधल्या जागेत तिसराच उभा राहिला: यंत्रमाग. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत थोडे माग असलेल्या छोट्या घटकांना उत्पादन शुल्कात सूट होती. ते विजेवर चालत, म्हणजे हातमागापेक्षा कितीतरी वेगवान. आणि गिरणीवरचे कर आणि कामगार कायद्यांची बंधने त्यांच्यावर जवळजवळ नव्हती. मोठ्या घटकाचे कागदोपत्री तुकडे करून ते छोटे दाखवणेही फायद्याचे झाले. हातमागासाठी राखलेली बाजारपेठ बरीचशी यंत्रमागाने नेली. मुंबईच्या गिरण्या बुडाल्या त्या या एका करामुळे, असे अजिबात नाही. जुनी यंत्रसामग्री, मालकांचे जमिनीवरचे डोळे, १९८२ चा संप आणि त्यानंतर मालकांनी घेतलेली भूमिका, कारणे पुष्कळ आहेत. पण काम करापासून पळते कुठे, हे या इतिहासातून स्पष्ट दिसते. ते जिथे कर नाही, हजेरीपत्रक नाही आणि युनियन नाही तिथे जाते. आज कंपनीवर रोबोट कर लावला तर ती यंत्र स्वतः विकत न घेता बाहेरच्या कंपनीकडून ती सेवा घेईल. यंत्र परदेशातल्या सर्व्हरवर, बिल महिन्याचे, आणि आपल्या ताळेबंदात रोबोट शून्य.

आणखी एक पळवाट आहे, आणि तिच्यावर मला पूर्ण उत्तर सापडलेले नाही. पहिल्या दिवसापासून जवळजवळ माणसांशिवाय उभी राहिलेली नवी कंपनी कुणालाच काढत नाही. तिच्यामुळे धंदा गेलेली जुनी कंपनी माणसे काढते. म्हणजे जिने माणसे ठेवली होती तिच्यावर भार आणि जिने कधी ठेवलीच नाहीत ती मोकळी! डोकी मोजण्याची पद्धत इथे लंगडी पडते. तिथे शेवटी नफ्यावरचा करच कामाला येतो, आणि नव्या उत्पादक कंपन्यांना आपण २०१९ मध्ये १५ टक्के इतका कमी कर देऊ केला तेव्हा त्या किती रोजगार देणार याची अट घातली नाही, ही मला तेव्हाही चूक वाटली होती आणि आजही वाटते.

अर्थतज्ज्ञांमध्ये या कराचा दर किती असावा यावरही काम झाले आहे. आर्नो कोस्टिनो आणि इव्हान वर्निंग यांच्या गणितात तो यंत्राच्या किमतीच्या १ ते ३.७ टक्क्यांच्या दरम्यान येतो, म्हणजे अगदी माफक. गेरेइरो, रेबेलो आणि टेलिस या तिघांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मला जास्त माणुसकीचा वाटतो. ज्यांनी आयुष्य एका ठरावीक कामात घालवले आणि आता दुसरे शिकण्याचे वय उरले नाही, ती पिढी कामावर आहे तोवर हा कर असावा. ती निवृत्त झाली की तो काढून टाकावा. पुढच्या पिढीला कोणते काम शिकायचे ते निवडता येते. पंचेचाळिशीतल्या डेटा एन्ट्री ऑपरेटरला येत नाही.

मुंबईच्या कामगारांनी हा प्रश्न फार आधी विचारला होता. १९२८ मध्ये विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी काही गिरण्यांची योजना होती. शहरातल्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या. तिसऱ्या मागामुळे जी मजुरी वाचणार तिच्यातले कामगाराला किती आणि ज्याचे काम जाणार त्याचे काय, हा त्या भांडणातला एक कळीचा मुद्दा होता. पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपात होईल असे यंत्र किंवा तंत्र आणायचे असेल तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी, अशी तरतूद आली. नोटीस द्यायची, पैसा नव्हे.

पैसा आला तर तो जावा कुठे, याला महाराष्ट्राकडे स्वतःचे उत्तर आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात अशाच सरकारी कामांनी लाखो माणसांना जगवले. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, आणि जितका कर जमेल तितकीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालावी असे ठरले. मुंबईतल्या बँका, कचेऱ्या आणि कारखान्यांतल्या पगारातून कापलेल्या पैशावर मराठवाड्यात नालाबांध आणि पाझर तलाव झाले. ज्याला काम आहे त्याने काम नसलेल्यासाठी थोडे द्यावे, हे तत्त्व कायद्यात लिहिणारे हे राज्य आहे. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवरचे ते २०० रुपये कशासाठी सुरू झाले, हे आज फार थोड्यांना माहीत असते. माणूस कमी झाला की तेही कमी होतात, यंत्र भरत नाही. पण राज्य हा कर मनाप्रमाणे वाढवू शकत नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. आयकर आणि कंपनी कर केंद्राचे. राज्यांच्या यादीत नसलेला नवा कर लावण्याचा अधिकारही केंद्राचाच. म्हणून या विषयावर विधानसभेत भाषणे झाली तरी निर्णय दिल्लीतच व्हायचा आहे.

दिल्लीने एक छोटे पाऊल टाकलेही आहे, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. कामगाराची कपात केली की मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांचे वेतन या निधीत भरायचे आणि ती रक्कम कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कारण विचारायचे नाही, यंत्र की मंदी हा वाद नाही. रचना मला आवडते. रक्कम मात्र अपुरी आहे. १८,००० पगारावर १५ दिवस म्हणजे जेमतेम ९,००० रुपये. तेवढ्यात मुंबईत बरा कोर्सही होत नाही आणि दोन महिन्यांचे भाडेही निघत नाही. घसाऱ्याची घाई थांबवून जे काही वाचेल ते याच निधीत घालावे आणि १५ दिवसांचे किमान सहा महिने करावेत, एवढीच माझी मागणी आहे.

दोन छिद्रे मात्र आधी बुजवावी लागतील. ही तरतूद संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० च्या वर पगार घेणारे पर्यवेक्षक तिच्याबाहेर राहतात. आणि कंत्राटी माणसांचे तर नावच येत नाही. भिवंडीच्या गोदामात माल वेगळा करणारे यंत्र बसते तेव्हा गोदामाची कंपनी कुणालाही काढत नाही. ती कंत्राटदाराला पुढच्या महिन्यापासून कमी माणसे पाठवायला सांगते. तिच्या मस्टरवर कपात शून्य.

तुमची किंवा तुमच्या घरात कुणाची कपात झाली असेल तर हिशेब घेताना एवढे पाहा: प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची नुकसानभरपाई ही वेगळी, ग्रॅच्युइटी वेगळी, नोटिशीचा पगार वेगळा, आणि पुनर्कौशल्य निधीचे १५ दिवस त्याहून वेगळे. अंतिम हिशेबाच्या कागदावर हे चारही आकडे स्वतंत्र ओळीत लिहून मागा, आणि 'राजीनामा' असे लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा युनियनमध्ये विचारा. राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने कपात झालेलीच नसते, आणि मग यातली भरपाई, नोटिशीचा पगार आणि निधीची रक्कम मागता येत नाही.